सतरा मजली, पाऊस आणि पुसलेली गाडी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, या भागात बोललेलं जवळपास तसंच्या तसं इथे देतोय.)

खान्देशातून ऐकत असाल तर पाऊस सुरू असेल अशी आशा आहे. नसेल तर येईल. मे महिन्यात 44-45 डिग्री सहन केलेल्या माणसाला एवढी आशा ठेवायचा हक्क आहे.

माझी ओळख जुन्या मंडळींना आहेच. मूळ धुळ्याचा, बीटेक जळगावला, नोकरी पुण्यात. दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी मोबाईलवर फोटो काढतो. आजचा विषय तुम्हीच मेसेज करून सुचवलेला आहे: पावसाळी संध्याकाळी आपल्या शहरातल्या ओळखीच्या इमारतीचा फोटो मोबाईलवर चांगला कसा काढायचा? तर आज ते सांगणारच आहे. पण त्यासोबत माझी एक चूकही सांगणार आहे. ती तांत्रिक चूक नव्हती. फोटो तांत्रिकदृष्ट्या एकदम भारी होता, खरी अडचण तिथेच झाली.

सुरुवात इमारतीपासून करतो. जळगावकरांना पत्ता विचारला की निम्म्या वेळा उत्तर येतं, 'सतरा मजलीजवळ'. म्हणजे आपल्या महानगरपालिकेची इमारत, सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. स्टेशनकडून नेहरू चौकात आलात की ती चुकवता येतच नाही. गंमत बघा, जळगावला महानगरपालिका झाली 2003 साली. ही इमारत त्याआधीची, नगरपालिकेच्या काळातली. म्हणजे नगरपालिका असतानाच आपण सतरा मजले चढून बसलो होतो! बाहेरगावची मंडळी यावर हसतात. हसू देत. खेड्यावरून पहिल्यांदा जळगावला आलेल्या प्रत्येक पोरानं तिथे उभं राहून, मान मागे टाकून मजले मोजलेले आहेत. मीही मोजलेत. दोनदा. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

तर मागच्या पावसाळ्यात घरून काम होतं म्हणून मी महिनाभर ताईकडे जळगावला होतो. जुलैमधली एक संध्याकाळ. दिवसभर भुरभुर होती, सहाच्या सुमाराला जोरात आला आणि मग थोडा ओसरला. मी लॅपटॉप बंद केला, छत्री घेतली आणि निघालो.

आता इथून तुमच्या कामाचं सांगतो. लक्ष देऊन ऐका.

पहिली गोष्ट वेळ. जुलैत आपल्याकडे सूर्य मावळतो साधारण सव्वासातला. लोक अंधार पडायची वाट बघतात आणि मग फोटोत आभाळ काळं कुळकुळीत येतं. सव्वासात ते पावणेआठ ही खरी वेळ. तेव्हा आभाळात गडद निळा उजेड शिल्लक असतो आणि खाली दिवे लागलेले असतात. दोन्हींचा उजेड थोडा वेळ जवळपास सारखा होतो. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ आहे, तेवढ्यात काय ते करायचं.

दुसरी गोष्ट, लेन्स पुसा. हसू नका. पावसात काढलेले बरेचसे धूसर फोटो पावसामुळे नाही, तर बोटाच्या तेलकट डागामुळे धूसर असतात. सुती रुमाल खिशात ठेवा, दर चार-पाच फोटोंनंतर पुसा. स्क्रीन ओली झाली की टच वेड्यासारखा वागतो, तेव्हा आवाजाच्या बटणानं फोटो काढा. आणि फोन 'वॉटरप्रूफ' आहे म्हणून मिरवू नका. ती चाचणी स्वच्छ, शांत पाण्यात होते, वाऱ्यासोबतच्या पावसात नाही. पाणी आत गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. छत्री माणसासाठी नसते, फोनसाठी असते, असं समजा.

तिसरी, उजेड. फोन आपोआप सगळं उजळ करायला बघतो. म्हणून इमारतीच्या एखाद्या उजळ खिडकीवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. थोडं अंधारं वाटलं तरी चालेल. अंधार असलेल्या ठिकाणी अंधार दिसलाच पाहिजे.

चौथी, खाली बसा. रस्त्यावर साचलेलं पाणी म्हणजे फुकटचा आरसा. उभं राहून काढलं तर डबकं दिसतं. फोन पाण्यापासून वीतभर उंचीवर आणला की त्याच डबक्यात अख्खी इमारत उलटी उतरते. रहदारी बघून बसा मात्र! रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला.

पाचवी गोष्ट जरा डोक्याची आहे, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया तीच आहे. नाईट मोड.

नाईट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. पटापट अनेक फोटो काढतो, ते एकावर एक नीट जुळवतो आणि त्यांची एक प्रकारे सरासरी काढतो. गुगलनं 2018 साली पिक्सेल फोनमध्ये नाईट साईट आणलं, तेव्हा हातात धरलेला फोन पंधरापर्यंत फ्रेम घेत होता. सरासरी काढली की अंधारातले दाणे दाणे निघून जातात आणि फोटो गुळगुळीत होतो. त्याच वेळी त्यांच्या टीमनं एक छान गोष्ट लिहिली होती. रात्रीचा फोटो दिवसासारखा दिसायला लागतो, ही मोठी अडचण होती. मग रात्र रात्रीसारखी कशी ठेवायची, हे ते जुन्या चित्रकारांकडून शिकले. कॉन्ट्रास्ट वाढवायचा, सावल्या काळ्याच राहू द्यायच्या.

आता विचार करा. अनेक फ्रेमची सरासरी काढली की जे स्थिर आहे ते टिकतं आणि जे हलतंय ते विरघळतं. पावसाची सर हलते. प्रत्येक फ्रेममध्ये थेंब वेगळ्या जागी असतो. मग फोनला तो काय वाटतो? कचरा. म्हणजे तुम्ही पावसाचा फोटो काढायला गेलात आणि फोननं सगळ्यात आधी पाऊसच काढून टाकला! म्हणून सर दिसायला हवी असेल तर नाईट मोड बंद करा, प्रो मोडमध्ये शटर 1/30 किंवा 1/60 ठेवा, आणि दिव्याच्या उजेडासमोरून पडणारा पाऊस शोधा. रस्त्यावरचा दिवा, रिक्षाचा हेडलाईट काहीही चालेल. मागून उजेड असल्याशिवाय पाऊस फोटोत दिसत नाही.

एवढं सगळं मी त्या दिवशी केलं. नेहरू चौकाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो. मागे निळं आभाळ, मध्ये सतरा मजली, खाली पाण्यात तिचंच उलटं रूप. आणि फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात एक गाडी. मक्याची कणसं भाजणाऱ्या काकांची. वर निळी प्लास्टिकची ताडपत्री, बॅटरीवरचा पिवळा बल्ब, खाली निखारे, आणि पंख्यानं वारा घालणारा त्यांचा हात. शेजारी पोत्यावर बसलेला त्यांचा मुलगा, शाळेच्या शर्टात.

घरी येऊन फोटो बघितला. इमारत भारी, आभाळ भारी. पण ती ताडपत्री... मला वाटलं, फ्रेम बिघडवतेय. आजकाल प्रत्येक फोनमध्ये वस्तू पुसायची सोय असते. बोटानं गोल केला, गाडी गायब. काका गायब, मुलगा गायब. तीन सेकंद लागले. तिथे ओला, रिकामा, चकचकीत रस्ता आला. तो रस्ता खरा नव्हता बरं का. फोनला गाडीमागे काय होतं ते माहीत नसतं. आजूबाजूचं बघून आणि आधी शिकलेल्या लाखो फोटोंवरून तो अंदाज ठोकतो, की इथे असं असू शकेल. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, मला हे ठाऊक होतं. तरी केलं, कारण दिसायला छान होतं.

फोटो टाकला. माझ्या मानानं तुफान चालला. 'हे आपलं जळगाव आहे?' 'परदेश वाटतो राव!' मी खूश. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो उचलून स्वतःच्या पेजवर टाकला आणि वर लिहिलं, की गाड्या आणि फेरीवाले नसले की आपलं शहर किती सुंदर दिसतं, बघा. खाली शंभरभर लोक हो ला हो करत होते. सगळ्यांना हटवा, कायमचं हटवा.

मी ते वाचलं आणि पोटात कसंतरी झालं. कारण मला एकट्याला माहीत होतं की तिथे गाडी होती. ते शहर तसं दिसत नव्हतंच. फेरीवाले नसलेलं जळगाव मी तयार केलं होतं, तीन सेकंदांत, बोटानं. आणि आता तो फोटो पुरावा म्हणून फिरत होता.

रस्त्यावर गाड्या कुठे असाव्यात, किती असाव्यात, चालणाऱ्यांना जागा किती राहावी, यावर वाद होऊ शकतो. व्हायलाही हवा. त्यासाठी 2014 चा पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आहे, त्यात त्यांच्या उपजीविकेचं संरक्षणही आहे आणि विक्रीचं नियमनही आहे. पण वाद खऱ्या फोटोवर करा ना. माझ्या खोट्या फोटोवर कशाला?

तरी मी काही केलं नाही. खरं सांगतो. लाईक कोणाला नको असतात? तीन-चार दिवस गप्प बसलो. मग एका संध्याकाळी परत तिकडे गेलो आणि त्याच काकांकडे कणीस घ्यायला थांबलो. त्यांनी मला ओळखलं. पाण्यात बसून फोटो काढणारा वेडा लक्षात राहतोच. त्यांच्या मुलानं फोटो मोबाईलवर आधीच बघितला होता. काकांनी लिंबू-मीठ चोळता चोळता विचारलं,

"काय भो, मनी गाडी कोठे गयी?"

रागानं नाही, हसत विचारलं. मी म्हटलं, काका, ते जरा एडिट केलं. त्यांना एडिट हा शब्द कळला असेल-नसेल, मुलाला कळला. त्यानं फोन काढला, फोटो मोठा केला आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं. मी स्वतः ते बघितलंच नव्हतं. गाडी पुसली गेली होती, पण पाण्यातलं तिचं प्रतिबिंब राहिलं होतं. ओल्या रस्त्यावर एक पिवळा, लांबट, थरथरता उजेड. वर दिवाच नाही आणि खाली दिव्याचा उजेड. फोननं वस्तू पुसली, पण तिचा पाण्यातला उजेड तो विसरला.

काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हाऊ उजेड तं मनाच शे."

म्हणजे, हा उजेड तर माझाच आहे.

मला काय बोलावं सुचेना. कणसाचे पैसे दिले आणि निघालो. आणि खरं सांगू का, मित्रांनो, त्या फोटोतला सगळ्यात चांगला भाग तोच होता. निळ्या फोटोत तेवढाच एक उबदार रंग होता. लोकांना फोटो आवडला त्यात त्या उजेडाचाही वाटा असणार.

त्या रविवारी धुळ्याला घरी गेलो. आईला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, कपाटातून जुना अल्बम काढला. आई-बाबांच्या लग्नानंतरचा, पाचकंदीलमधला एक फोटो आहे. नेहमीचाच, दोघं ताठ उभे, मागे बाजार. मला वाटलं, आता आई स्वतःची साडी दाखवणार. तिनं मागच्या माणसांवर बोट ठेवलं. हा बघ, हा बांगड्यांवाला, याच्याकडून मी पहिल्यांदा बांगड्या भरल्या. ही बाई भाजी विकायची, उधार द्यायची. इमारतींबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी विचार केला, तेव्हा कुणी मागची गर्दी पुसून दिली असती, तर आज या फोटोत आईला बघण्यासारखं किती उरलं असतं?

आता जरा लांब जाऊ, न्यूयॉर्कला. एक फोटो तुम्ही हा भाग संपला की नक्की शोधून बघा. एडवर्ड स्टायकेन नावाच्या फोटोग्राफरचा, नाव 'द फ्लॅटआयर्न', साल 1904. फ्लॅटआयर्न ही ब्रॉडवे आणि फिफ्थ अव्हेन्यू जिथे मिळतात तिथली, इस्त्रीसारखी तिकोनी इमारत, 1902 साली पूर्ण झालेली. त्या वेळच्या न्यूयॉर्कची सतरा मजलीच म्हणा! लोक मान मागे टाकून बघायचे. त्याचा ज्येष्ठ मित्र आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यानं तिचा बर्फातला फोटो आधीच काढून नाव कमावलं होतं. स्टायकेननं मग संध्याकाळ निवडली. ओला रस्ता, निळसर-हिरवट धूसर उजेड, दूरवरचे दिवे. 2022 साली या फोटोची एक प्रत लिलावात सुमारे 1 कोटी 18 लाख डॉलरला गेली.

मी तो फोटो पूर्वीही पाहिला होता, पण फक्त इमारत पाहिली होती. या प्रकारानंतर परत उघडला, तेव्हा पुढे उभे असलेले घोडागाडीवाले दिसले. उंच टोप्या घातलेले, ओल्या रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट बघणारे. काळ्या सावल्या. ते नसते तर ती इमारत किती मोठी आहे हेही कळलं नसतं. आणि तेव्हा संध्याकाळी त्या ओल्या रस्त्यावर पोटापाण्यासाठी कोण थांबत होतं, हेही कळलं नसतं.

आता कोणी म्हणेल, मग एडिटिंग करायचंच नाही का? तसं नाही. स्टायकेननं भरपूर एडिटिंग केलं होतं. त्या फोटोचा रंग कॅमेऱ्यातून आलेला नाही, तेव्हा रंगीत फोटो आजच्यासारखे निघत नव्हते. त्यानं प्लॅटिनम प्रिंटवर डिंकात कालवलेल्या रंगाचे थर स्वतः चढवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच फोटोच्या तीन वेगवेगळ्या रंगछटांच्या प्रती आहेत. म्हणजे फिल्टरच की! पण त्यानं संध्याकाळ कशी वाटली ते बदललं. संध्याकाळी तिथे कोण होतं, ते तसंच ठेवलं. माझ्यापुरती मी रेषा तिथे ओढली आहे. रंग, उजेड, कॉन्ट्रास्ट खुशाल बदला. लेन्सवरचा थेंब पुसा. पण माणूस पुसायचा असेल तर तो फोटो 'हे आपलं शहर' म्हणून टाकू नका. तेवढं करायचंच असेल तर खाली लिहा, की इथे एक गाडी होती, मी काढली.

मग मी काय केलं? पुसलेला फोटो काढून टाकला. मूळ फोटो गॅलरीत होताच. काकांना विचारलं, टाकू का? चालेल म्हणाले, पोरगा म्हणाला माझा चेहरा नको. तो तसाही अंधारात होता, पण मी आणखी गडद केला. मग फोटो टाकला आणि खाली झालेला सगळा प्रकार लिहिला. पहिल्या फोटोच्या मानानं निम्मेसुद्धा लाईक आले नाहीत. ज्यांनी माझा जुना फोटो उचलला होता त्यांना मेसेज केला, की यात फेरफार आहे, काढून टाका. उत्तर आलं नाही. तो फोटो आजही कुठे कुठे फिरतोय. एकदा सोडलेली गोष्ट परत आणता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये निदान रोलबॅक असतो.

एक मोठी प्रिंट काढली, पावसाचं म्हणून लॅमिनेशन केलं आणि काकांना नेऊन दिली. मला वाटलं, ते भावूक होतील वगैरे. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि पहिली तक्रार केली की कणसांची टोपली अर्धीच आलीय. मग म्हणाले, "आते बरोबर शे." आणि फोटो ताडपत्रीच्या काठीला सुतळीनं बांधून टाकला. आता तिथे गेलात तर गिऱ्हाईक सतरा मजलीकडे पाठ करून सतरा मजलीचा फोटो बघत कणीस खातं.

चला, आता या आठवड्याचं काम. पाऊस असेल त्या संध्याकाळी बाहेर पडा. जळगाव असेल तर सतरा मजली, टॉवर चौक, मेहरूण तलाव. धुळे असेल तर पांझरेचा काठ, पाचकंदील. तुमचं गाव दुसरं असेल तर तिथलं काहीही, अगदी एसटी स्टँडसुद्धा. सव्वासातला पोहोचा, लेन्स पुसा, खाली बसा. एक फोटो नाईट मोडमध्ये काढा, एक नाईट मोड बंद करून काढा, आणि दोन्हींमध्ये पाऊस कुठे दिसतो ते तुमचं तुम्ही बघा. फ्रेममध्ये कोणी जवळचं, ओळखू येईल असं माणूस असेल तर जाऊन विचारा. 'काका, फोटो काढू का?' एवढंच वाक्य आहे. दहातले नऊ हो म्हणतात, आणि दहावा नाही म्हणाला तर त्याचंही बरोबर असतं.

फोटो आम्हाला पाठवा. सोबत एक ओळ लिहा, फोटोत कोण आहे. इमारतीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, ती आम्ही ओळखू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, भिजा, पण फोन कोरडा ठेवा. नमस्कार!